झोपेचा हिशेब

(तृतीय वर्ष, कला – राज्यशास्त्र)

दरवर्षी आपल्या वार्षिकात थोर माणसांवर लेख येतात. समाजसुधारक, साहित्यिक, शास्त्रज्ञ, खेळाडू यांच्यावरचे हे लेख यायलाच हवेत. मी मात्र या वर्षी अशा एका माणसाबद्दल लिहिणार आहे, ज्याचे नाव कधी वर्तमानपत्रात आले नाही आणि ज्याचा धड एक फोटो फक्त त्याच्या लायसनवर होता. तो माणूस म्हणजे माझे आजोबा. घरात आम्ही सगळेच त्यांना आप्पा म्हणत असू. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मालट्रक चालवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्यानंतर आठवड्याभरात ते गेले.

केवळ त्यांच्या आठवणी सांगाव्यात एवढाच या लेखाचा हेतू नाही. आठवणी ज्याच्या त्याला प्रिय असतात. त्या दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नयेत. परंतु आप्पांनी जाण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगितली आणि तिच्यामुळे माझे एक मत, जे मी याच महाविद्यालयाच्या व्यासपीठावर मोठ्या आवाजात मांडले होते, ते मला पुन्हा तपासून पाहावे लागले. ते मत आता कुठे येऊन थांबले आहे, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आधी एक कबुली देते. शाळेत असताना आजोबा काय करतात असे कोणी विचारले, की मी "ट्रान्सपोर्टचा धंदा होता" असे सांगायची. शब्द खोटा नव्हता, पण अर्थ खोटा होता. धंदा मालकाचा होता. आप्पा पगारावर आणि भत्त्यावर गाडी चालवत होते. ड्रायव्हर म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी लहानपणीच पाहिले होते. दारू, शिव्या, अपघात आणि कर्कश हॉर्न, एवढ्यात ती जात संपते असे सभ्य समाज समजतो. माझे आप्पा तसे नव्हते असे सांगण्याऐवजी मी शब्दच बदलून टाकला. त्याची लाज आज वाटते.

आमचे गाव निफाड तालुक्यात, लासलगावपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. आप्पांचा जन्म १९४७ चा. घरी दोन एकर जिराईत जमीन आणि खाणारी तोंडे सात. सातवीनंतर शाळा सुटली आणि अठराव्या वर्षी ते एका सरदारजी ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर म्हणून लागले. उस्तादांनी त्यांना पहिले सहा महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. टायर हातोडीने ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री ओढून रस्सीची गाठ मारायची, पाट्यांना ग्रीस द्यायचे, घाटात गाडी थांबली की धावत जाऊन चाकाखाली दगड लावायचा, हे सगळे आधी. आप्पा म्हणत, "गाडी चालवायला कोणीबी शिकतं. गाडी थांबवायला शिकायला सहा महिने लागले."

पुढे लायसन मिळाले आणि टाटा मर्सिडीज गाडी हातात आली. त्या काळच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हते. भरलेली गाडी वळवताना खांदे भरून येत. इंजिनाची धग पायांना लागे. आप्पांच्या उजव्या पायाची पोटरी कायमची काळवंडली होती. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी लाल मिलोची पोती गावोगाव पोहोचवली. त्यांच्या कामाचा मोठा भाग मात्र कांद्याचा होता.

कांद्याची वाहतूक ही काय चीज आहे, हे लासलगाव परिसरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे लिहिते. दिवसभर लिलाव चालतात. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडून, गोण्या शिवून, हमाल गाडी भरेपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. पावणेदोनशे गोण्या म्हणजे आठ-नऊ टन माल. तो पहाटेच्या बाजाराला मुंबईत पोहोचला पाहिजे. नाशिक, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे आणि मग मुलुंडच्या जकात नाक्यावरची ती न संपणारी रांग. (मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, म्हणजे वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाली; आप्पांची उमर मात्र त्या रांगेत गेली.) गाडी उशिरा पोहोचली तर भाव पडतो, पावसात भिजली तर माल सडतो, आणि दोन्हीचा राग ड्रायव्हरवर निघतो. सकाळी गाडी रिकामी होईपर्यंत ऊन डोक्यावर येते. मग परतीचा माल शोधायचा, कारण रिकामी गाडी आणणे मालकाला परवडत नाही. तो भरून संध्याकाळी नाशिकला उतरवावा, तर इकडे लासलगावला पुढची गाडी भरायला लागलेली असते.

या सगळ्यात ड्रायव्हर झोपतो कधी? आप्पांचे उत्तर ठरलेले होते: "गाडी खोटी झाली की." म्हणजे माल भरायला वेळ लागला, नाक्यावर रांग लागली, घाटात गाड्या अडकल्या, की तेवढा वेळ त्यांचा. ज्या वेळाला इतर सगळे जण वाया गेलेला वेळ म्हणतात, तोच त्यांच्या झोपेचा वेळ होता.

माझे वडील आप्पांच्या बाबतीत फारसे बोलत नसत. आप्पा घरी येत तेव्हा मुले झोपलेली असत आणि मुले उठत तेव्हा आप्पा झोपलेले असत. त्यांना उठवायचे नाही अशी आजीची सक्त ताकीद असे. वडिलांच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आप्पा नागपूरच्या वाटेवर होते, आत्याच्या साखरपुड्याला ते अर्ध्यातून उठून गेले. वडील एकदा मला म्हणाले, "मला बाप मिळाला तो तुझा आजोबा झाल्यावर." त्यात तक्रार होती की समाधान, हे मला त्या वेळी कळले नाही. आता वाटते, दोन्ही होते.

कारण माझ्या वाट्याला आप्पा पुरेपूर आले. २००८ साली मोतीबिंदू आणि साखरेचा आजार निघाल्यावर त्यांनी गाडी सोडली. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला बालवाडीत सोडणे, आणणे, माझ्या वेण्या घालणे (होय, वेण्याही! ताडपत्रीच्या गाठी मारणाऱ्या हातांनी घातलेली वेणी संध्याकाळपर्यंत सुटत नसे), पाढे पाठ करून घेणे, हे सगळे त्यांनी केले. त्यांना भूगोल पुस्तकाशिवाय यायचा. कोणत्या जिल्ह्यात कोणती माती, कुठे कोणता माल पिकतो, कोणत्या नदीवरचा पूल अरुंद आहे, हे ते डोळे मिटून सांगत. माझ्या सहावीच्या नकाशाच्या वहीत त्यांनी स्वतः पेन्सिलीने कसारा घाटाची वळणे काढून दिली होती. बाईंनी त्यावर लाल शाईने 'अनावश्यक' असा शेरा मारला. आप्पा हसून म्हणाले, "बाईंना कधी तिथून गाडी न्यावी लागली नसेल."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. जीवनावश्यक मालाच्या गाड्या चालू होत्या, पण ढाबे बंद, पंक्चरची दुकाने बंद, गावांच्या वेशी बंद. आप्पा दोन दिवस ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याकडेच्या निंबाखाली दोन माठ, बादली, साबणाची वडी आणि आजीने केलेल्या भाकऱ्यांचे टोपले ठेवले. आजार गावात येईल म्हणून गावातले काही लोक बोलायला आले. आप्पांनी वाद घातला नाही. "तुमच्या किराणा दुकानात साखर कशी आली?" एवढेच विचारले. माठ तिथेच राहिले. त्या दोन महिन्यांत टीव्हीवर ड्रायव्हर लोकांचे फार कौतुक झाले. त्यांना योद्धे म्हटले गेले. मग दुकाने उघडली आणि ते कौतुक जसे आले तसे विरून गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे होते, की बेदरकारपणे वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू घडवला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता चालक पळून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होईल. जुन्या दंडविधानात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२४ ला देशभर मालट्रक चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सात लाख रुपये दंड होणार अशीही वदंता पसरली होती. पोटकलमात मात्र कोणतीही रक्कम लिहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटला.

त्याच महिन्यात आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'अपघात करून पळणाऱ्या चालकास दहा वर्षे कैद योग्य आहे.' मी प्रथम वर्षाला होते आणि अनुकूल बाजूने बोलले. आकडे माझ्याकडे तयार होते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३०,४८६ अशा अपघातांत, जिथे धडक देणारा थांबलाच नाही. "रस्त्यावर तडफडणाऱ्या माणसाला सोडून जाणारा हात स्टिअरिंगवर असण्याच्या लायकीचा नाही," असे मी म्हणाले. टाळ्या पडल्या. दुसरे पारितोषिक मिळाले.

ढाल घेऊन घरी आले. आप्पांनी ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, "काय बोललीस ते मलाही बोलून दाखव." मी ओसरीवर उभी राहून सगळे भाषण पुन्हा म्हटले. आप्पा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं बोललीस, ताई. खरं बोललीस." आणि थोड्या वेळाने, "मी थांबलो नव्हतो."

मला आधी कळलेच नाही.

१९७८ चा मे महिना. उन्हाळ कांद्याचे दिवस, आणि वळिवाचे ढग रोज दुपारी दाटून येत. माल भिजण्याच्या आत हलवायचा म्हणून मालकाने चार दिवसांत तिसरी खेप लावली होती. आप्पांनी आज नको म्हणून पाहिले. मालक म्हणाला, "तुला नको असेल तर दुसरा आहे." गाडी भरायला उशीर झाला. नाशिक मागे पडले, घाट अजून लागायचा होता, पहाटेचे साडेतीन वाजले असतील. क्लीनर पोरगा शेजारी झोपलेला. आप्पांच्या शब्दांत सांगते:

"मला डुलकी लागली. डोळे उघडे होते, पण मी नव्हतो तिथं. आवाज झाला तेव्हा मी जागा झालो. आरशात पाहिलं तर सायकल आडवी. पाय ब्रेकवर गेला होता, ताई. गाडी हळू झाली होती. तेवढ्यात लांब वस्तीवर कोणी तरी कंदील घेऊन बाहेर आलं. महिन्यापूर्वीच एका ड्रायव्हरला लोकांनी मारून टाकताना पाहिलं होतं. मी पाय काढला. पुढच्या गावच्या चौकीपर्यंत पाच किलोमीटर असतील. तिथं गाडी लावली अन् हवालदाराला उठवलं. म्हणालो, माझ्या हातून माणूस गेला असेल."

हवालदाराबरोबर ते परत गेले तेव्हा लोकांनी त्या माणसाला दुधाच्या गाडीत घालून इस्पितळात नेले होते. तो तिसऱ्या दिवशी वारला. तिशीचा होता. कामाच्या पहिल्या पाळीला निघाला होता.

खटला तीन वर्षे चालला. मालकाने दिलेल्या वकिलाने आप्पांना बजावून ठेवले होते, की झोपेचे नाव काढायचे नाही. सायकलला दिवा नव्हता, ती रस्त्याच्या मध्ये होती, चालकाने स्वतःहून चौकीवर वर्दी दिली, या मुद्द्यांवर ते सुटले. "कोर्टात सगळं विचारलं," आप्पा म्हणाले. "गाडीचा वेग काय होता, हॉर्न दिला का, दिवे चालू होते का, ब्रेक कुठं मारला. तू किती दिवस झोपला नव्हतास, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की काय, तेही मला माहीत नाही. मी सुटलो. पण त्या माणसाला दवाखान्यात पोहोचवायला माझीच गाडी जवळ होती. ते पाच किलोमीटर मी पुढं गेलो, ते मागं आलो असतो तर?"

त्या माणसाच्या गावी ते एकदा गेले होते. शिवेपर्यंत जाऊन परत आले. काय तोंडाने जावे हे सुचले नाही, असे म्हणाले. आजीला हे सगळे ठाऊक होते. माझ्या वडिलांना ठाऊक नव्हते. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांची परवानगी घेतली. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणून ते दोनदा कामावरून निघाले होय."

ते असे, की त्या घटनेनंतर आप्पांनी स्वतःपुरता एक नियम केला. डोळा जड झाला, की गाडी बाजूला. माल कोणाचा का असेना, बाजार चुकला तर चुकू दे. दोन तास झोपल्याशिवाय चावी फिरवायची नाही. पहिल्या मालकाने चार महिन्यांत काढून टाकले. दुसऱ्याने वर्षभर चालवून घेतले आणि मग तोच निरोप दिला. त्या दोन वर्षांत वडिलांना शाळा सोडून खळ्यावर कांदा निवडायला जावे लागले. तिसरा मालक भला निघाला आणि त्याच्याकडे आप्पांनी शेवटपर्यंत काम केले. पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. पण झोपेची किंमत त्यांनी स्वतःच्या घरातून भरली. ती ज्यांनी भरायला हवी होती, त्यांच्याकडे कोणी मागितलीच नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसून कायदे चाळू लागले. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी असून, ज्या विषयावर मी ढाल मिळवली होती त्याचा निम्मा भाग मी वाचलाच नव्हता, असे माझ्या लक्षात आले.

१९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांबच्या मार्गावर फार तर दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास काम, अशी मर्यादा त्यात होती. म्हणजे १९७८ च्या त्या रात्री हा कायदा सतरा वर्षांचा होता! मग तो आप्पांच्या गाडीपर्यंत का पोहोचला नाही? कारण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. आप्पांच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या; दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. चौघे. एका माणसाने कायदा हुकला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक किती आहेत, हे ज्याने कोणत्याही बाजार समितीचे आवार पाहिले आहे त्याला सांगायला नको. (२०२० साली मंजूर झालेल्या नव्या कामगार संहितेत हा कायदाही सामावून घेण्यात आला.)

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणखी एक शहाणी अट होती. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि दुसऱ्याला आडवे होऊन झोपता येईल असे आसन मागे असावे. नियम करणाऱ्याला झोप ठाऊक होती, असेच म्हणायला हवे. २०१८ साली दोन ड्रायव्हरांची ही अट काढून टाकण्यात आली. खर्च वाचला. वाचलेला खर्च कोणाच्या डोळ्यांवर पडला, हे उघड आहे.

आणि पळून जाण्याबद्दल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम सांगते, की अपघात झाल्यास चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. मात्र जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. कायद्यालाही माहीत आहे, की आपण रस्त्यावर न्यायालय भरवतो आणि तिथेच शिक्षा देतो. तो कंदील बाहेर आल्यावर आप्पांचा पाय ब्रेकवरून निघाला, त्यात जसा आप्पांचा दोष आहे तसा त्या सवयीचाही आहे.

इथे कोणी म्हणेल, की आजोबा होते म्हणून नात वकिली करते आहे. हा आक्षेप मी स्वतःवर घेऊन पाहिला आहे. त्या सायकलवरच्या माणसालाही आज नातवंडे असती. त्यांतली एखादी माझ्याच वर्गात बसली असती आणि तिने तिच्या आजोबांबद्दल लिहिले असते. तो लेख लिहिला जाणार नाही, याला माझे आप्पा कारण आहेत. हे मी झाकणार नाही, आणि आप्पांनीही झाकले नाही. थकवा हे कारण आहे. ती सबब होऊ शकत नाही. थांबायला हवे होते, हे आप्पांचेच मत होते, आणि त्यांनी माझ्या भाषणाला 'खरं' म्हटले ते मला बरे वाटावे म्हणून नव्हे.

म्हणून दहा वर्षांच्या शिक्षेला माझा विरोध नाही. (१ जुलै २०२४ ला नवी संहिता अमलात आली, तेव्हा हे पोटकलम मात्र बाजूला ठेवण्यात आले.) माझे म्हणणे इतकेच आहे, की आपली चौकशी स्टिअरिंगपाशी सुरू होते आणि स्टिअरिंगपाशीच संपते. अपघाताच्या पंचनाम्यात चाकांच्या खुणा मोजतात, काचेचे तुकडे मोजतात. त्यात आणखी एक रकाना असायला हवा: चालक शेवटचा कधी व किती तास झोपला होता, आणि ही खेप कोणाच्या सांगण्यावरून निघाली होती. हे विचारणे आता अवघड राहिलेले नाही. टोलनाक्यावर गाडी किती वाजता गेली याची नोंद राहते, मालाच्या बिल्टीवर तारीख असते, मालकाच्या मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दिसते. माल वेळेवर पोहोचला की नाही हे पाहायला जी साधने वापरतात, त्याच साधनांनी माणूस किती तास जागा आहे हेही कळते. पाहायचे ठरवले पाहिजे, एवढेच. आणि चार दिवसांत तिसऱ्या खेपेला पाठवणारा मालक व घाई करणारा व्यापारी, या दोघांनाही साक्षीदाराच्या नव्हे तर जबाबदाराच्या जागी उभे केले पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या बाजार समित्यांच्या आवारात व्यापाऱ्यांना गाळे असतात, कित्येक ठिकाणी शेतकरी निवासही असतो. ड्रायव्हर मात्र गाडीखालच्या सावलीत चादर टाकतो. पंधरा-वीस खाटा, पंखे, न्हाणीघर आणि रात्री कोणी डिझेल चोरणार नाही असा एक पहारेकरी, एवढी सोय करायला मोठी योजना लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व मोठ्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. हे फार चांगले झाले. आप्पा असते तर पोटरीवरून हात फिरवून हसले असते. पण गार हवेतही माणसाला डुलकी लागतेच. केबिन थंड झाली. आता झोपेचे पाहायला हवे.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी आहे. आपल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये येणारा तांदूळ, आपण ज्या कागदावर परीक्षा देतो तो कागद आणि हे वार्षिक छापायला लागणारी शाईसुद्धा कोणी तरी रात्री जागून आणलेली असते. त्या माणसाची पूजा करायची गरज नाही. टाळेबंदीत ती करून झाली. दारात मालाची गाडी आली की पाणी विचारावे, आणि अपघात झालेला दिसला की हात उगारण्याआधी जखमीला उचलावे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षणही दिले आहे. जमाव मारणार नाही अशी खात्री ज्या दिवशी चालकाला वाटेल, त्या दिवशी थांबणाऱ्यांची संख्या आपोआप वाढेल, असे मला वाटते.

आप्पा शेवटचे आठ दिवस इस्पितळात होते. मधूनच ग्लानीत ते "घाट उतरला का?" असे विचारत. मी "उतरला" म्हणायची. एकदा त्यांनी नीट डोळे उघडून मला ओळखले आणि म्हणाले, "तू कालपासून इथंच बसलीस. जा, जरा झोप." ते त्यांचे माझ्याशी झालेले शेवटचे बोलणे.

अंत्यविधीला गावातली माणसे होती, तशी गाडीवरचीही काही होती. त्यांच्या हाताखाली क्लीनर म्हणून शिकलेला एक जण आता स्वतः मालक झाला आहे. निघताना तो वडिलांना म्हणाला, "आप्पांचा नियम मी माझ्या गाड्यांवर चालू ठेवलाय. दोन तास." कोणत्याही कायद्याने त्याला ते करायला लावलेले नाही.

उद्या पुन्हा त्याच विषयावर स्पर्धा झाली, तर मी पुन्हा अनुकूल बाजूनेच बोलेन. भाषणातले एक वाक्य मात्र वाढवेन. चालकाला 'तू का थांबला नाहीस' हे जरूर विचारा. पण त्याच्या मालकाला, व्यापाऱ्याला आणि सकाळी ताजा कांदा मागणाऱ्या आपल्यालाही विचारा, की तुम्ही त्याला कधी थांबू दिलेत?

आणि या वर्षी प्रवेशाच्या वेळी कोणी तरी सहज विचारले, "आजोबा काय करायचे?" तेव्हा मी सांगितले, ट्रक ड्रायव्हर होते.